खर्जाचे मानकरी

तुळशीचे लग्न आटोपले की आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे लग्नसराईचे वारे वाहू लागतात. त्या वर्षी आंबिया बहाराच्या संत्र्याला भाव बरा मिळाला होता. आणि आमच्या भागात संत्र्याला भाव आला की लग्नात ऑर्केस्ट्रा येतो, न आला तर बँडवर भागते, हे गणित लहान पोरांनाही ठाऊक आहे. आमचा पुतण्या अशाच एका ऑर्केस्ट्रा पार्टीत बास गिटार वाजवितो. एका रात्रीच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण कुणीतरी मोबाइलवर केले होते. ते त्याने दुसऱ्या दिवशी मोठ्या हौसेने आमच्या वहिनींना ऐकविले. वहिनींनी मोबाइल कानाशी धरून सबंध गाणे ऐकले आणि विचारले, "गानं मस्त हाये. पन याच्यात तुह्यं वाजवनं कोठी हाये रे?"

तो हसून म्हणाला, "थे ह्या मोबाइलात मावत नाही वं आई."

आम्ही शेजारीच बसलो होतो. उत्तर विनोदाने दिलेले असले तरी ते शब्दशः खरे होते, हे आम्हांला पुढे चौकशी केल्यावर कळले. वीस वर्षे ज्याने एकच वाद्य हाती धरले, त्याच्या आईला ते वाद्य कसे वाजते हे ठाऊक नसावे, ही गोष्ट मनाला लागून राहिली. वाचकहो, हा लेख त्या रुखरुखीतून जन्मलेला आहे.

ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना बासची जागा समजावून सांगण्याची गरज नाही. तंबोऱ्याच्या चार तारांतली शेवटची तार खर्जाची. मैफलीत तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. पण ती उतरली की गवय्याचा चेहरा बदलतो. बास गिटारलाही ताराच चार. सर्वांत जाड तारेची सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. मोबाइलचा किंवा जुन्या ट्रान्झिस्टरचा टीचभर कर्णा इतका खालचा स्वर हलवूच शकत नाही. तो हवेत पोहोचवायला मोठा पडदा लागतो, मोठे खोके लागते. गंमत अशी की, मूळ स्वर पोहोचला नाही तरी त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर (८२, १२३ असे) थोडेफार पोहोचतात आणि आपला कान त्यांवरून खालच्या स्वराचा अदमास बांधतो. म्हणजे रेडिओच्या काळात आपण सर्वांनी जो खर्ज ऐकला, त्यातला कित्येक वेळा निम्मा आपल्याच कानाने रचलेला होता. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, १९५७ साली विविध भारती आली. आमच्या लहानपणी सौंसरच्या ओट्याओट्यांवर ती गाणी वाजत. गायकाचे नाव आम्हांला ठाऊक, संगीतकाराचे ठाऊक, चित्रपटाचे ठाऊक. खाली कोण वाजवितो आहे, हा प्रश्नच कधी पडला नाही.

खाली वाजविणाऱ्यांपैकी पुष्कळजण गोमंतकातले होते. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकविली जाई. समोर ठेवलेला कागद पाहून तत्क्षणी वाजविता येणे, ही विद्या त्यांनी मुंबईस नेली. तेथे हॉटेलांतले जाझ बँड आणि चित्रपटांचे वाद्यवृंद या दोहोंनाही तिची गरज होती. पुणतांब्यास जन्मलेल्या आणि नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडेही शिकलेल्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'त जे पाश्चात्त्य थाटाचे संगीत दिले, त्यात चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेल्या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचा वाटा होता. तेव्हाचे बास म्हणजे पुरुषभर उंचीचे डबल बास. ते उभ्याने वाजवावे लागे आणि आगगाडीने न्यायचे म्हणजे त्याच्यासाठी वेगळी जागा शोधावी लागे. १९५१ सालीच अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकविता येईल अशी विजेवरची बास गिटार बाजारात आणली. पुढे ती मुंबईच्या स्टुडिओंतही पोहोचली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ ती वाजवीत. त्याच वाद्यवृंदात तबल्यावर आपले मारुतीराव कीर होते. त्या गाण्यांतला ठेका आणि खर्ज एकमेकांच्या अंगावर रेलून कसे चालतात, हे पुतण्याने आम्हांला प्रथम ऐकविले तेव्हा पन्नास वर्षे तोंडपाठ असलेली गाणी आम्हांला नवी वाटली.

त्या काळी सर्व वादक एकत्र बसून वाजवीत. पन्नास-साठ माणसांतल्या एकाचे बोट चुकले की गाणे पुन्हा पहिल्यापासून. आणि मोबदला त्या दिवसाच्या बैठकीपुरता; तबकडी लाखांनी खपली तरी वादकाला त्यातून काही मिळत नसे, आणि वेष्टनावर नावही बहुधा नसे.

या मंडळींतले एक आयुष्य आम्हांला विशेष विचारात टाकते. चरणजित सिंग हे १९४० साली जन्मलेले मुंबईचे वादक. बास गिटार, गिटार, ट्रान्झिकॉर्ड, पुढे सिंथेसायझर, जे समोर येईल ते त्यांनी वाजविले. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'तील गाजलेल्या गाण्यात ट्रान्झिकॉर्डवर तेच होते. स्टुडिओचे काम नसेल तेव्हा ते स्वतःची पार्टी घेऊन लग्नसमारंभांत त्या-त्या वेळची लोकप्रिय गाणी वाजवीत. म्हणजे सबंध आयुष्य पाहिले तर आमच्या पुतण्याचेच, फक्त मुंबईच्या मापाचे.

१९८१ साली जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-३०३ नावाचे एक चंदेरी खोके बाजारात आणले. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बास. ज्या गिटारवाल्याला बासवादक परवडत नाही त्याने हे खोके लावावे आणि एकट्याने सराव करावा, असा त्यामागचा हेतू होता. बासवादकाची जागा घेण्यासाठीच बनविलेले यंत्र! पण आवाज खऱ्या बाससारखा निघेना. १९८४ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबविले. चरणजित सिंगांनी मात्र ते यंत्र घेतले, त्याच्या जोडीला रोलँडचेच तालयंत्र आणि सिंथेसायझर घेतला, आणि १९८२ साली डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. त्या खोक्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पेटीवर जी मींड निघत नाही तिच्या जवळपास जाणारे काहीतरी या खोक्यातून निघते, हे रागसंगीत कानात असलेल्या माणसालाच सुचावे. (शुद्ध रागसंगीताच्या अभिमान्यांनी ही तबकडी ऐकून कानांवर हात ठेवले तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. आम्हांला स्वतःला त्यातला मालकंस आवडला, ललित नाही.)

तबकडी फारशी खपली नाही. सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले. पाच वर्षांनी, १९८७ साली, अमेरिकेतल्या शिकागो शहरातील तरुणांनी तेच टाकाऊ ठरलेले खोके वापरून एक नवी नृत्यसंगीताची तऱ्हा प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली. २०१० साली हॉलंडमधून सिंगांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले. हा तर आमच्याही आधीचा! सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांना युरोपात बोलावणी आली. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या गाण्याखाली खर्ज भरला, त्याचे नाव झाले ते अखेरच्या पाच वर्षांत, आणि तेही बासवादक म्हणून नव्हे.

आता घरचे सांगतो. पुतण्याची सुरुवात भजनी मंडळातल्या मृदंगापासून. आमच्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा संस्कार घरोघर आहे, तेव्हा ताल त्याला शिकवावा लागला नाही. पुढे बँडमध्ये ढोल, मग बेंजो पार्टी, मग छिंदवाड्याच्या एका ऑर्केस्ट्रात बास गिटार, आणि आता पांढुर्ण्याची ही पार्टी. गणपती, शारदोत्सव, देवीचे जागरण, लग्नाचे स्वागतसमारंभ असे त्याचे वर्ष जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते, त्या दिवशी पांढुर्ण्यात त्याला काम नसते. बाकी भाद्रपद निघाला की झोप नाही. मराठी, हिंदी, क्वचित गोंडी गाणीही वाजवितो. आम्ही काही येथे स्थलांतर करून आलेलो नाही. १९५६ साली नागपूर तिकडे गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, एवढेच. २०२३ साली आमचा पांढुर्णा जिल्हाही वेगळा झाला. त्याच्या गाण्यांच्या वहीत मात्र या सीमा नाहीत.

आज त्याच्या पोटावर येते आहे ते डीजेमुळे. यातली विपरीतता त्याच्या तोंडूनच ऐकावी. पूर्वी खर्ज कुणाला ऐकू येत नव्हता, पण वाजविणारा माणूस होता. आता वरातीपुढे भिंतीएवढे खोके उभे करतात, खर्ज छातीवर बुक्का मारल्यासारखा बसतो, घराची तावदाने थरथरतात, आणि वाजविणारा कुणीच नसतो. नागपूरकडचे धुमाल निदान हातांनी वाजते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने मर्यादेबाहेरच्या ध्वनिवर्धकांवर आणि डीजेवर निर्बंधाचा आदेश काढला. रात्री दहानंतरचे बंधन तर २००० सालच्या नियमांपासूनच आहे. बँडवाल्यांना वाटले, आपले दिवस परतले. तसे झाले नाही. डीजे दहाला बंद होतो, पण ऑर्केस्ट्राही दहालाच बंद करावा लागतो. आणि सहा माणसांच्या पार्टीपेक्षा एका माणसाचे यंत्र स्वस्त पडते. गेल्या सराईत त्याच्या तीन तारखा अशाच गेल्या. पार्टीतला ट्रंपेटवाला आता बोरगावच्या कारखान्यात पाळीवर जातो. पुतण्यालाही तेथे लावावे, असे वहिनींच्या मनात होते. तशी खटपटही त्यांनी चालविली होती. त्यांना दोष कसा द्यावा? जे वाजते आहे हे आपल्याला ऐकूच येत नाही, त्याच्या भरवशावर मुलाने संसार करावा असे कोणती आई म्हणेल?

म्हणून आम्ही एकच केले. माघात पांढुर्ण्यास त्याचा कार्यक्रम होता, तेथे वहिनींना घेऊन गेलो. वीस वर्षांत त्या कधी गेल्या नव्हत्या; रात्रीचे कार्यक्रम, परगाव, घरी कुणी नाही, अशी कारणे. मंडपात आम्ही मुद्दाम डाव्या बाजूला, बासच्या खोक्यापासून दहा हातांवर बसलो. पहिल्या दोन गाण्यांत वहिनींचे लक्ष गाणाऱ्या मुलीच्या लुगड्याकडेच होते. तिसऱ्या गाण्यात मधे एका कडव्यापुरता बास थांबतो, मग पुन्हा येतो. तो आला तेव्हा वहिनींनी खुर्चीच्या दांड्यावरचा हात उचलून पाहिला, पुन्हा ठेवला.

"हे लाकूड हालते," त्या म्हणाल्या.

"तो वाजवितो आहे," आम्ही सांगितले.

त्यानंतर त्या गाणाऱ्या मुलीकडे पाहीनाशा झाल्या. दहाला पाच कमी असताना कार्यक्रम संपला. पुतण्या तारा गुंडाळून, वाद्य खोळीत घालून आमच्याकडे आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजला होता. वहिनींनी त्याच्या बोटांची टोके उलटून पाहिली. घट्टे पडलेली होती. "जेवला का तू?" एवढेच त्यांनी विचारले. कारखान्याची गोष्ट त्यांनी अजून सोडलेली नाही. मात्र पाळी दिवसाची मिळाली तरच, रात्रीची नको, असे त्या आता म्हणू लागल्या आहेत.