रेंजवर पहिल्यांदाच देखरेख करताय? टार्गेट नका बघू, नळीचं तोंड बघा

नेरळ : कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे छोटंसं गाव. तिथल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ पदक जिंकलं. आपल्या मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी केलेला हा मुलगा. आपल्या रायगड जिल्ह्यात तर पनवेलला ऑलिम्पिक खेळाडू सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. त्यामुळे नेरळ, कर्जत, खालापूरकडच्या पोरांनाही आता रायफल हातात घ्यावीशी वाटते, यात नवल नाही.

शाळेत, व्यायामशाळेत किंवा मंडळाच्या हॉलमध्ये १० मीटरची एअर रायफल रेंज करायची ठरली की रायफल, टार्गेट, कोच या सगळ्याची चर्चा होते. शेवटी कोणीतरी पीटीच्या सरांना, रिटायर्ड जवानाला किंवा एखाद्या पालकाला म्हणतं, "तुम्ही तेवढं लक्ष ठेवा." हे 'तेवढं लक्ष' म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ.

तुमचं काम कोणतं?

रेंजवर सगळ्यांचे डोळे टार्गेटवर असतात. देखरेख करणाऱ्याने टार्गेटकडे बघायचंच नाही. कोणाला किती गुण पडले, हे कोच बघेल. तुम्ही नेमबाजांच्या मागे उभं राहून तीन गोष्टी बघायच्या: नळीचं तोंड कुठे आहे, बोट चापावर आहे का, आणि फायरिंग लाइनच्या पुढे कोणी आहे का.

रेल्वे फाटकावरचा गेटमन आठवा. गाडी कुठून आली, किती लेट आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. फाटक बंद आहे ना, एवढंच तो बघतो. फाटकापुढे कोणाचीही गाडी उभी असली, तरी तो ते उघडत नाही.

पोरं येण्याआधी

आधी एकट्याने रेंजवर फेरी मारा. टार्गेटच्या बाजूला दरवाजा किंवा खिडकी असेल तर ती आतून बंद करा, कुलूप लावा. आपल्याकडे हॉलच्या मागच्या दाराने पाणी द्यायला, झाडू मारायला कोणीही सहज आत येतं. येण्याजाण्याचा रस्ता फक्त नेमबाजांच्या मागून हवा.

टार्गेटमागे छर्रा अडवणारी पेटी किंवा पत्रा पक्का आहे का, ते हाताने हलवून बघा. कडक भिंतीवर बसलेला छर्रा उलटून येतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा. एअर रायफलचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. पण तो काही शे फूट सहज जातो आणि डोळा कायमचा घालवू शकतो. पॉइंट टू टू रायफलची गोळी तर दीड किलोमीटरहूनही लांब जाऊ शकते. म्हणून ती रायफल हॉलमध्ये किंवा मोकळ्या शेतात नाही, मंजूर रेंजवरच चालवायची.

रायफलच्या सिलिंडरचीही तारीख तपासा. त्यात २०० बारपर्यंत हवा असते, म्हणजे मोटारीच्या टायरच्या जवळपास शंभरपट दाब. मुदत संपलेला सिलिंडर भरायचा नाही.

चार शब्द

रेंजवर हुकूम एकाच माणसाचा चालतो. शब्द चारच: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. 'लोड' म्हटल्याशिवाय छर्रा भरायचा नाही. 'स्टार्ट' म्हटल्याशिवाय चाप ओढायचा नाही. 'स्टॉप' ऐकलं की बोट चापावरून बाहेर. 'अनलोड' म्हटलं की रायफल रिकामी करायची, खटका उघडा ठेवायचा आणि भगव्या रंगाची सेफ्टी फ्लॅग, म्हणजे प्लास्टिकची दोरी, नळीत घालायची. ती नळीत दिसली की दुरूनही कळतं, रायफल रिकामी आहे.

मग प्रत्येकाजवळ जाऊन स्वतः बघा. "सर, रिकामी आहे" या शब्दावर जाऊ नका. सगळ्या रायफली खाली ठेवल्या, सगळ्यांत फ्लॅग दिसली, की मगच टार्गेट बदलायला पुढे सोडा. पुढे एकही माणूस असेपर्यंत मागे कोणी रायफलीला हात लावायचा नाही. नेम बघायला नाही, पुसायला नाही, फोटोलाही नाही.

'स्टॉप' हा शब्द मात्र सगळ्यांचा. धोका दिसला तर सहावीतल्या पोरीनेही तो मोठ्याने ओरडायचा. धोका नव्हता असं नंतर कळलं, तरी तिला रागवायचं नाही. एकदा रागावलात, तर पुढच्या वेळी ती गप्प बसेल.

गडबड होते ती अशी

लाईट जाणं. पावसाळ्यात आपल्याकडे हे रोजचंच. अंधार झाला की ताबडतोब 'स्टॉप'. सगळ्यांनी नळी टार्गेटकडेच ठेवून जागेवर थांबायचं. तुम्ही बॅटरी घेऊन एकेकाची रायफल रिकामी करून घ्यायची. म्हणून बॅटरी पहिल्या दिवसापासून खिशात हवी, कपाटात नको.

छर्रा अडकणं. पोरगं बावरतं आणि "सर, हे बघा ना" म्हणत रायफल घेऊनच तुमच्याकडे वळतं. नळी थेट तुमच्या पोटाकडे येते. रेंजवरची सगळ्यात नेहमीची चूक हीच. म्हणून आधीच शिकवा: अडचण आली तर नळी पुढेच ठेवून हात वर करायचा, आम्ही तुझ्याकडे येऊ. पॉइंट टू टूची गोळी उडाली नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचं. गोळी उशिरा उडू शकते.

पाहुणे आले की खरी परीक्षा

पोरं ऐकतात. अवघड जातं ते मोठ्या माणसांना सांगणं. उद्घाटनाला नेते येतात, मागे वीस कार्यकर्ते आणि तेवढेच मोबाईल. कोणीतरी रायफल उचलतं, कॅमेऱ्याकडे वळतं आणि म्हणतं, "रिकामीच आहे हो." खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. हत्याराचा मान ठेवणं म्हणजे ते रिकामं असलं तरी भरलेलं समजणं.

इथे तुम्ही गप्प बसलात, तर बघणारी पन्नास पोरं एक गोष्ट शिकतात: नियम लहानांना असतो, मोठ्यांना नसतो. म्हणून कार्यक्रमाआधीच आयोजकांना सांगून ठेवा, फोटो फ्लॅग घातलेल्या रायफलीसोबत आणि नळी टार्गेटकडे ठेवूनच निघेल. ऐन वेळी सांगावं लागलं तर हात जोडून, पण स्पष्ट सांगा: "साहेब, नळी पुढे ठेवा." समजूतदार माणूस रागावत नाही. रागावला तरी चालेल.

कायदा आणि साबण

२० ज्युलपेक्षा कमी ताकदीच्या, ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पॉइंट टू टूला लागतो. परवाना नको म्हणजे खेळणं नव्हे. एअरगन घेऊन रानात पाखरं मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, हेही पोरांना पहिल्याच दिवशी सांगा.

छर्रे शिशाचे असतात आणि शिसं विषारी. पोरं छर्रे ओठात धरतात, ती सवय मोडा. सराव झाला की साबणाने हात धुवून मगच वडापाव. टार्गेटजवळची धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पहिल्या दिवशी एका वेळी तीन-चारच नेमबाज उभे करा. तुमची नजर एका फेरीत जेवढ्या नळ्यांवर फिरते, तेवढेच. बाकीचे मागे बाकावर बसतील. संध्याकाळी कोणी विचारेल, "आज काय झालं रेंजवर?" तुमचं उत्तर "काहीच नाही" असं असेल, तर दिवसभराचं काम नीट झालं.