काचपेटीचा पाझर



माशांच्या काचपेटीच्या कोपऱ्यातून थेंब पाझरू लागला म्हणजे घरातील पहिली सूचना ठरलेली असते : “बाहेरून थोडे सिलिकोन लावून टाका.” बेळगावात काय किंवा निपाणीत काय, हार्डवेअरच्या दुकानात सिलिकोनची नळी सहज मिळते. काम पाच मिनिटांत उरकते आणि आठवड्याच्या आत थेंब पुन्हा हजर होतो. असे का व्हावे, याचा उलगडा झाला की काय करावयास हवे हेही कळते.

प्रथम थोडा हिशेब करू. 90 सेंटीमीटर लांब, 45 रुंद आणि 45 उंच अशी पेटी काठोकाठ भरली तर तीत सुमारे 182 लिटर, म्हणजेच 182 किलो पाणी मावते. पाण्याचा दाब पेटीच्या लांबीवर अवलंबून नसतो, खोलीवर असतो. पृष्ठभागाशी तो शून्य, तळाशी दर चौरस सेंटीमीटरला 45 ग्रॅम. सरासरी साडेबावीस ग्रॅम. समोरच्या काचेचे क्षेत्रफळ 4,050 चौरस सेंटीमीटर. गुणाकार करून पाहा : त्या एका काचेला पाणी 91 किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ढकलीत असते, आणि तेही रात्रंदिवस. हा सारा रेटा सिलिकोनच्या चिंचोळ्या रेघा पेलतात.

पूर्वी घरगुती पेट्यांना लोखंडी कोनपट्टीची चौकट असे आणि काच तीत लांबीने बसवीत. खडू नि जवसाचे तेल यांची ती लांबी वाळली की तडकत असे. 1960 नंतरच्या दशकात सिलिकोन आले आणि चौकटीची गरज सरली. काच ही मुळात वाळूचीच. सिलिकोनच्या कण्यातही वाळूप्रमाणेच सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची साखळी असते. त्यामुळे स्वच्छ काचेशी त्याची गट्टी घट्ट जमते. शिवाय ते रबरासारखे लवचीक असल्याने काच किंचित फुगली वा आकसली तरी सोडून देत नाही.

मात्र या गुणी पदार्थाचा एक हट्ट आहे. एकदा पुरते सुकलेले सिलिकोन नव्या सिलिकोनला नीट धरून ठेवीत नाही. जुन्यावर नव्याचा थर दिला तर तो केवळ टेकून राहतो. त्यातून तो बाहेरून दिलेला असला म्हणजे पाण्याचा रेटा त्याला काचेपासून सोलून काढू पाहतो. आतून लावलेल्या थराला तोच रेटा कोपऱ्यात दाबून बसवितो. म्हणून दुरुस्ती आतूनच करावयाची, आणि जुने पूर्ण खरवडून.

सांधा केवळ वयानेच दुबळा होतो असे नाही. आपल्याकडील जुन्या घरांतली शहाबादी फरशी क्वचितच समपातळीत असते. स्टँडचा एक पाय अधांतरी राहिला की पेटीला पीळ बसतो आणि एकाच कोपऱ्यावर ताण येतो. स्टँड कितीही भक्कम असला, तरी तो पाणसळ लावून तपासणे आणि विनाचौकटीच्या पेटीखाली थर्मोकोलचा पत्रा घालणे, यांवर पेटीचे आयुष्य पुष्कळ अंशी ठरते. आतल्या गोटाखाली हिरवे शेवाळ दिसू लागले, तर पाणी गोटामागे शिरले असे समजावे.

थेंब दिसताच काचेकडे नव्हे, भिंतीकडे धावावे. हीटर, पंप आणि दिवा यांचे प्लग काढावेत. पाझरलेले पाणी जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत पोचले तर प्रश्न माशांचा राहत नाही, माणसांचा होतो. मगच बाहेरची बाजू कोरडी पुसून कागद लावून पाहावा. कित्येकदा तो गळतीचा थेंब नसून फिल्टरचा शिंतोडा असतो. खरी गळती असेल तर पाणी ज्या पातळीला येऊन थांबते, तेथेच छिद्र आहे.

आता माशांची सोय. साबण कधीही न लागलेल्या टबात पेटीतलेच पाणी घेऊन त्यात मासे सोडावेत आणि हवेची नळी चालू ठेवावी. फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात बुडवून ठेवावा, नळाखाली धुऊ नये. माशांच्या मलमूत्रातील अमोनिया पचविणारे जिवाणू त्या स्पंजात वस्ती करून असतात. ते मेले तर दुरुस्त पेटीत मासेही तगत नाहीत.

सांध्याचे दोन भाग असतात. एक, काचेच्या कडा एकमेकींना जोडणारा खरा सांधा. दुसरा, आतील कोपऱ्यात फिरविलेला गोट. गोट सुटला असेल तर घरी दुरुस्ती शक्य आहे. कडांमधल्या सांध्यातच बुडबुडे वा फट दिसत असेल, तर सगळी पेटी सोडवून नव्याने जोडावी लागते. ते काम काचवाल्याचे. मोठ्या पेटीच्या बाबतीत मी तर नवी पेटी घेणेच शहाणपणाचे मानतो. 16 डिसेंबर 2022 रोजी बर्लिनमधील सुमारे दहा लक्ष लिटरांचे मत्स्यालय पहाटे फुटले. ते ॲक्रिलिकचे होते. तज्ज्ञांनाही नक्की कारण सांगता आले नाही. परंतु त्यांनी ज्या शक्यता मांडल्या, त्यांत चिकटविलेला सांधा निकामी होणे ही एक होती.

गोट काढताना एका कोपऱ्याचा नव्हे, आतला सगळा काढावा. नाहीतर नवे जुन्याला भेटेल तेथे पुन्हा तीच कमजोरी. पाते तिरपे धरावे, म्हणजे कडांमधला खरा सांधा कापला जात नाही. काच स्पिरिटने पुसून वाळू द्यावी. सिलिकोन घेताना ते मत्स्यालयासाठी चालते असे नळीवर लिहिलेले असावे. न्हाणीघरासाठीच्या बुरशीरोधक प्रकारात माशांना घातक औषध असते.

भरताना शिर्क्यासारखा उग्र वास येतो, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हे सिलिकोन हवेतील ओल शोषून घट्ट होते. त्यामुळे पावसाळ्यात ते सुकत नाही हा समज चुकीचा आहे. उलट मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारीच ते मंदावते. काच मात्र पुरती कोरडी हवी. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर जाडी पक्की होते, म्हणून निदान दोन दिवस आणि शक्य तर आठवडाभर थांबावे. वास पुरता जाईपर्यंत पाणी भरू नये.

मग पेटीखाली वर्तमानपत्र पसरून पाव पेटी भरावी, रात्रभर पाहावे. मग अर्धी, मग पूर्ण. कागद कोरडा राहिला तर चाचणीचे पाणी काढून टबातले जुने पाणी परत घालावे. वरचे नवे पाणी राकसकोपचे असो वा हिडकलचे, नळाला येते ते क्लोरिन घातलेलेच. ते काढण्याचे थेंब टाकावेत, किंवा हवेची नळी सोडून एक दिवस ठेवलेलेच पाणी वापरावे. माशांना त्या दिवशी खाऊ घालू नये.