तरतुदीपासून औषधाच्या खिडकीपर्यंत

प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध नसले की बाहेरची चिठ्ठी हातात पडते आणि मजुरी करणाऱ्या माणसाची दिवसाची कमाई मेडिकलच्या दुकानात जाते. त्याच वर्षी राज्याच्या अर्थसंकल्पात औषधांसाठी तरतूदही असते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळल्याशिवाय आरोग्यावरच्या खर्चाची चर्चा पुढे सरकत नाही.

सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हा घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्याचा विषय. राज्यांनी अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले आणि त्यासाठी 2020 ची मुदत दिली. पंधराव्या वित्त आयोगाने तोच आग्रह 2022 साठी धरला. शिवाय आरोग्यखर्चाचे दोन तृतीयांश प्राथमिक सेवेवर जावेत, असे सुचवले. महाराष्ट्राचा वाटा मात्र चार-पाच टक्क्यांच्या आसपासच राहिला आहे. 2025-26 चा राज्याचा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटींचा होता. त्याचे आठ टक्के म्हणजे 56 हजार कोटी. आपण कुठे आहोत, हे या एका हिशेबावरून कळते.

आकडे वेगळे, अर्थ वेगळे

अर्थसंकल्पाच्या भाषणात सांगितलेला विभागाचा नियतव्यय बहुधा कार्यक्रमांवरच्या खर्चापुरता असतो. डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेवक यांचे वेतन मुख्यतः अनिवार्य खर्चात येते. त्यामुळे भाषणातल्या आकड्याची टक्केवारी काढली तर चित्र अपुरे दिसते. त्यात आरोग्याचा पैसा एका विभागात नसतो. जिल्हा रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तर अंगणवाडीचा पोषण आहार महिला व बालविकास विभागाकडे.

खरी माहिती तपशीलवार पुस्तकांत सापडते. तिथे लेखाशीर्ष 2210 म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, 2211 म्हणजे कुटुंबकल्याण, 2236 म्हणजे पोषण आणि 4210 म्हणजे इमारती व यंत्रसामग्रीसारखा भांडवली खर्च. प्रत्येक शीर्षासमोर मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज व सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज असतो. बातमी होते ती शेवटच्या आकड्याची. सरकारने काय केले, हे सांगणारा आकडा पहिला, आणि तो हाती येईपर्यंत दोन वर्षे उलटलेली असतात.

पद रिक्त राहिले की त्याचे वेतन खर्च होत नाही आणि हिशेबात ती रक्कम 'बचत' म्हणून दिसते. विशेषज्ञ नसल्याने बाळंतिणीला पुढच्या शहरात पाठवावे लागते, तेव्हा त्या बचतीची किंमत तिचे घर मोजत असते.

पैसा अडतो कुठे?

विधिमंडळाने मागणी मंजूर केली, तरी पैसा लगेच खर्च करता येत नाही. वित्त विभाग टप्प्याटप्प्याने निधी मोकळा करतो. मग प्रशासकीय मान्यता, शासन निर्णय, बीम्स या संगणकीय प्रणालीवर वितरण, आहरण व संवितरण अधिकारी आणि शेवटी कोषागार. औषधांच्या बाबतीत यात खरेदीची निविदा आणि दरकरार येतात. 2017 पासून ही खरेदी हाफकिन महामंडळामार्फत होत होती. 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. यातला एक टप्पा दोन महिने रेंगाळला की पावसाळ्यातल्या तापाच्या साथीला लागणारे औषध थंडीत येते. 31 मार्चला न वापरलेला निधी व्यपगत होतो, म्हणून वर्षाच्या शेवटी घाईने खरेदी होते.

राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्र आणि राज्य यांचा वाटा 60:40 असतो. केंद्राच्या पैशात राज्याने आपला हिस्सा घालायचा असतो. यात उशीर झाला की कंत्राटी कर्मचाऱ्यांचे मानधन थकते.

ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदे, औषधखरेदी व आरोग्यावरची तरतूद यांचा जाब राज्याला विचारला. अर्थसंकल्पाचा प्रश्न थेट रुग्णांच्या मृत्यूशी जोडून विचारला गेला, हे महत्त्वाचे आहे.

नवी योजना, जुना खर्च

वर्षाच्या मध्येच जादा निधी मागणाऱ्या पुरवणी मागण्या घटनेला मान्य आहेत. साथ येते, पूर येतो, अंदाज चुकतात. पण मोठी योजना जाहीर झाली की तिच्यासाठी जागा कुठून करायची, हा प्रश्न उरतोच. महिलांना दरमहा दीड हजार रुपये देणाऱ्या लाडकी बहीण योजनेसाठी 2025-26 मध्ये 36 हजार कोटींची तरतूद होती, आणि त्यासाठी सामाजिक न्याय व आदिवासी विकास विभागांचा निधी वळवल्यावरून मंत्रिमंडळातच जाहीर नाराजी उमटली. गरीब बाईच्या हातात पैसे जाणे चांगलेच आहे. पण तिच्या गावातल्या उपकेंद्राचा किंवा तिच्या मुलीच्या वसतिगृहाचा पैसा त्यासाठी जाता कामा नये. तसे झाले तर हातात आलेले दीड हजार दवाखान्यात आणि औषधांतच संपतील.

म्हणून मागणी साधी असावी. औषधांच्या तरतुदीचा मोठा हिस्सा पहिल्या तिमाहीतच जिल्ह्यांना मिळावा. जिल्हावार किती निधी आला आणि किती खर्च झाला, हे दर तीन महिन्यांनी रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावावे. रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत तो कागद वाचला जावा. लोकाधारित देखरेखीचा अनुभव महाराष्ट्राला 2007 पासून आहे, त्यामुळे हे नव्याने शिकायचे नाही. बीम्सवर विभागवार तरतूद, वितरण आणि खर्च नागरिकांनाही पाहता येतो. ऑक्टोबरमध्ये एकदा ती प्रणाली उघडून पाहावी आणि आमदारांना, जिल्हा परिषदेला प्रश्न विचारावा. तेव्हा अर्धे वर्ष हातात असते, आणि राहिलेले औषध मागवायला, रिक्त पद भरायला तेवढा वेळ पुरतो.