जांघेतल्या छिद्राची सत्तर वर्षे

अँजिओग्राफीचा इतिहास बहुधा हृदयाच्या चित्रांवरून सांगितला जातो. जांघेतल्या धमनीला पाडलेले छिद्र त्यात क्वचितच येते. १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी आधी सुई, मग तार आणि तारेवरून नळी, अशी धमनीत शिरण्याची रीत प्रसिद्ध केली. शिरणे सोपे झाले. छिद्र मिटवायला मात्र पुढची चार दशके बोटेच होती. धमनीतली नळी (शीथ) काढायची, पंधरा-वीस मिनिटे दाबून धरायचे, आणि मग पेशंटने पाय न हलवता तासन्‌तास पडून राहायचे.

नव्वदच्या दशकात बंद करणारी साधने आली. अँजिओ-सील आतल्या बाजूला विरघळणारी छोटी पट्टी आणि बाहेर कोलॅजेनचा बोळा ठेवते. पर्क्लोज टाका घालते. पेशंट लवकर चालू लागला. पण जखमेवरची मलमपट्टी कोरडी असली म्हणजे आत सगळे ठीक आहे, असे नसते.

ते दाखवले कलर डॉपलर सोनोग्राफीने. धमनीबाहेर रक्ताची पोकळी तयार झाली असेल, तर तिच्यात लाल-निळे रंग भोवऱ्यासारखे फिरतात आणि तिच्या मानेतून रक्त ये-जा करताना दिसते. साधने आल्यावर तपासणाऱ्याला नवी नजर लागली. अँजिओ-सीलची पट्टी धमनीच्या पुढच्या भिंतीलगत चमकदार रेघ म्हणून दिसते. तिला गुठळी समजायचे नाही. उलट कोलॅजेन आत सरकले असेल, तर अरुंद जागी रक्ताचा वेग वाढतो, तो मोजायचा. साधारण तीन महिन्यांत पट्टी आणि कोलॅजेन दोन्ही विरघळतात.

उपचारही सोनोग्राफीच्या त्याच प्रोबखाली होऊ लागले. १९९१ पासून प्रोबनेच पोकळी दाबून धरत. ते दुखे आणि वेळ खाई. पुढे थ्रॉम्बिनच्या इंजेक्शनने तीच पोकळी बहुतेकदा काही मिनिटांत गोठू लागली.

२०१४ मध्ये जर्मनीतल्या ४,५२४ पेशंटांवरच्या इसार-क्लोजर चाचणीत साधने हाताच्या दाबापेक्षा जास्त धोक्याची ठरली नाहीत. रक्त मात्र बरेच लवकर थांबले. तोवर अनेक डॉक्टर जांघ सोडून मनगटातल्या धमनीकडे वळले होते. पण हृदयाची झडप नळीतून बसवण्याच्या टावीने जांघेत पुन्हा मोठी छिद्रे आणली. २०२२ च्या चॉइस-क्लोजर चाचणीत टाक्याच्या प्रोग्लाइडपेक्षा कोलॅजेनच्या मँटामध्ये गुंतागुंती जास्त निघाल्या.

या सगळ्यात सोनोग्राफीची जागाच बदलली. तक्रार आली की मागवायची ती तपासणी आता सुई टोचण्याआधीच होऊ लागली. २०१० च्या फॉस्ट चाचणीत सोनोग्राफीखाली टोचल्यावर पहिल्याच प्रयत्नात धमनी जास्त वेळा सापडली आणि गुंतागुंती घटल्या. कारण उघड आहे. भिंतीवरचा कॅल्शियमचा थर, धमनीच्या फाट्याच्या खाली पडलेले छिद्र, यांच्यापुढे चांगले साधनही फसते, आणि तो थर व तो फाटा दोन्ही टोचण्याआधी पडद्यावर दिसतात. म्हणून छिद्र नीट मिटेल की नाही, याचा बराचसा निकाल ते पाडतानाच लागतो.