भूल न देता

मराठीतला ‘भूल’ हा शब्द गमतीचा आहे. ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टर देतो ती भूल आणि मांत्रिक घालतो तीही भूलच. संमोहनाची अडचण नेमकी इथेच होते. गॅदरिंगच्या स्टेजवर कच्चा बटाटा सफरचंद समजून मिटक्या मारत खाणारा स्वयंसेवक आपण पाहिलेला असतो. त्यामुळे एखादा मानसशास्त्रज्ञ इस्पितळाच्या जळीत विभागात संमोहन वापरतो म्हटलं, की आधी हसू येतं. जळीत विभागात एकदा ड्रेसिंग पाहिलेल्या माणसाला मात्र हसू येणार नाही.

भाजलेल्या रुग्णाची वेदना दोन तऱ्हांची असते. एक पडून राहिल्यावरही ठसठसणारी. तिच्यावर औषधांचा बऱ्यापैकी ताबा राहतो. दुसरी ड्रेसिंगची. पट्ट्या सोडायच्या, जखम धुवायची, मेलेली कातडी खरवडून काढायची, आणि हे दिवसांमागून दिवस. मॉर्फीनसारखं औषध देऊनही ही वेदना पुष्कळदा पुरती दबत नाही. शिवाय माणूस आदल्या संध्याकाळपासूनच उद्याच्या ड्रेसिंगचा धसका घेतो आणि त्या धसक्याने वेदना आणखी वाढते.

अमेरिकेतल्या सिॲटलचं हार्बरव्ह्यू इस्पितळ वॉशिंग्टन, अलास्का, मोंटाना आणि आयडाहो अशा चार राज्यांतल्या गंभीर जखमींचा आधार आहे. तिथल्या जळीत विभागात डेव्हिड पॅटरसन या पुनर्वसन मानसशास्त्रज्ञाने आपली कारकीर्द घडवली. त्यांची पद्धत सांगायला साधी आहे. ड्रेसिंगच्या आधी रुग्णाच्या खाटेशी बसायचं, संथ आवाजात बोलत त्याचं लक्ष एका ठिकाणी आणायचं, शरीर सैल सोडायला लावायचं आणि मग एक सूचना पेरून ठेवायची : ‘नर्सचा हात तुमच्या खांद्याला लागला, की हीच स्वस्थता पुन्हा येईल.’ पुढे ड्रेसिंग सुरू होतं तेव्हा मानसशास्त्रज्ञाने तिथे असण्याची गरजही नसते. नर्स खांद्यावर हात ठेवते, एवढंच. मला या सगळ्या शास्त्रात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. उपचार करणारा स्वतः बाजूला होतो आणि रोजच्या कामातला एक साधा स्पर्श औषध बनतो.

1992 साली पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या 30 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला संमोहन, दुसऱ्याला तेवढाच वेळ नि माहिती, तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. संमोहनाच्या गटाची वेदना इतर दोन गटांपेक्षा कमी भरली. पण 1997 मध्ये 61 रुग्णांवर पुन्हा तपासलं, तेव्हा सरसकट फरक दिसला नाही. ज्यांची वेदना मुळातच तीव्र होती, त्यांच्यातच तो स्पष्ट दिसला. पॅटरसननी हा निकालही छापला. भोंदू आणि वैज्ञानिक यांच्यातला फरक मला अशा ठिकाणी कळतो. याच इस्पितळात हंटर हॉफमन यांच्यासोबत त्यांनी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचा आभासी खेळही वापरला. डोळ्यांवर चष्मा लावायचा, बर्फाच्या दरीतून तरंगत जायचं आणि पेंग्विनना बर्फाचे गोळे मारायचे. इकडे ड्रेसिंग चालू!

हे होतं कसं? संमोहन म्हणजे झोप नव्हे. 1840च्या दशकात जेम्स ब्रेड या डॉक्टराने ग्रीकांच्या निद्रादेवतेवरून इंग्रजी नाव घडवलं आणि घोटाळा कायमचा करून ठेवला. प्रत्यक्षात ते एकवटलेलं लक्ष असतं. 1997 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या प्रयोगात लोकांचे हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात बुडवले होते. ‘त्रास कमी होतोय’ अशी सूचना दिल्यावर मेंदूचा त्रासाशी निगडित भाग शांत झाला, स्पर्शाची नोंद घेणारा भाग मात्र तसाच चालू राहिला. म्हणजे चटका कळत होता, पण त्याचा जाच कमी झाला होता. मात्र सगळ्यांना हे सारखं साधत नाही. काहींवर सूचनेचा झटकन परिणाम होतो, काहींवर जवळजवळ होतच नाही.

या विद्येचा एक मोठा अध्याय आपल्याच देशात लिहिला गेला. 1845 साली बंगालमधल्या हुगळीत जेम्स एस्डेल या सर्जनने मेस्मेरिझमच्या, म्हणजे संमोहनाच्या जुन्या अवताराच्या, गुंगीत शस्त्रक्रिया सुरू केल्या. हत्तीरोगाने वाढलेल्या अवाढव्य गाठीही काढल्या. अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास रुग्णाच्या अंगावरून हात फिरवायचं कष्टाचं काम करत ते त्यांचे भारतीय मदतनीस. या अनुभवांवरच्या पुस्तकावर नाव अर्थातच साहेबाचं. 1846 मध्ये बोस्टनला ईथरची भूल यशस्वी झाली आणि तासन्‌तास हात फिरवण्याची गरजच संपली. 

पॅटरसन यांची पुनर्वसन मानसशास्त्र ही शाखा मात्र वेगळ्या वाटेने आली. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या प्रश्नांतून ती वाढली. बिअट्रिस राइट यांनी 1960च्या आपल्या ग्रंथात दाखवलं, की लोक एका अपंगत्वावरून अख्खा माणूस मोजतात. पाय गेला की त्याच्या अकलेबद्दलही शंका. आपल्याकडे व्हीलचेअरवरच्या माणसाला सोडून शेजारच्याला ‘यांना चहा चालतो का?’ असं विचारतात, ते हेच.

म्हणून पुनर्वसन मानसशास्त्रज्ञाच्या दिवसात संमोहन थोडं आणि बाकीचंच फार. भाजलेल्या मुलीला पहिल्यांदा आरसा कधी दाखवायचा, फिजिओथेरपीला नकार देणाऱ्या कामगाराच्या मनात नक्की काय आहे, मणका दुखावलेल्या नवऱ्याच्या बायकोशी कोणी बोलायचं, हे सगळं त्याच्याकडे येतं. पॅटरसन यांचे सहकारी मार्क जेन्सन यांनी मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या जुनाट वेदनेवर संमोहन वापरलं. त्यांना आढळलं, की वेदना फारशी न हटलेले रुग्णही समाधानी होते. कोणी म्हणे झोप लागते, कोणी म्हणे जीव शांत झाला.

आपल्याकडे या पेशाला कायद्याची चौकट आहे. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या 1992च्या कायद्याखाली ‘पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ’ अशी स्वतंत्र नोंद होते. सिकंदराबादच्या बौद्धिक अपंगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी त्याचं पदव्युत्तर प्रशिक्षण मिळत आलं आहे. मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था किंवा पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र अशा ठिकाणी या कामाची गरज रोज दिसते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2003 साली संमोहनाला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली, स्वतंत्र वैद्यकपद्धती म्हणून नव्हे. ते वापरणारा नोंदणीकृत वैद्यक किंवा योग्य प्रशिक्षित असावा, हेही सांगितलं. पूर्वजन्माच्या सफरीचं पॅकेज विकणाऱ्या जाहिराती या चौकटीत कुठेच बसत नाहीत. संमोहनात ‘आठवलेल्या’ गोष्टी खोट्या असू शकतात, हे संशोधकांनी केव्हाच दाखवून दिलं आहे.

तेव्हा घरातल्या कुणाला वेदनेसाठी संमोहनाचा सल्ला मिळाला, तर दोन प्रश्न जरूर विचारा. हा माणूस संमोहनाशिवाय हा आजार हाताळायला पात्र आहे का? आणि त्याचा नोंदणी क्रमांक काय? दुसरा प्रश्न विचारताना संकोच वाटेल. तरी विचाराच.