मोगली एरंड आणि ‘रिकामा’ माळ

गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावला जाणारा मोगली एरंड २००३ मध्ये एकदम देशाचा इंधनदाता ठरला. नियोजन आयोगाच्या त्या वर्षीच्या अहवालाचं लक्ष्य होतं २०११-१२पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळण्याचं. बियांत तिसेक टक्के तेल, पाणी कमी, लागवड पडीक जमिनीवर. कागदावर हिशेब बिनतोड होता.

गफलत पाण्यापाशी झाली. हे झुडूप दुष्काळात पानं गाळून तगतं खरं. पण पानंच नसतील तर बियांत तेल भरणार कुठून? मुरमाड रानात उत्पन्न हवं तर पाणी आणि खत द्यावंच लागतं. नत्रखताचा थोडा भाग जमिनीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइडमध्ये बदलतात आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापदायक आहे. डिझेल वाचवून कमावलेल्यातलं काही तिथेच गळू लागतं.

शिवाय ती जमीन रिकामी होती कुठे? पडीक जमिनीच्या सरकारी नकाशांत उतरती कळा लागलेली चराऊ कुरणं आणि झुडपी रानंही मोजली जातात. सोलापूर-नगरकडच्या माळावर धनगरांची मेंढरं चरतात, लांडगे पिल्लं वाढवतात. नान्नजला तर माळढोकासाठी अभयारण्य आहे. अशा माळावर मोगली एरंड लावला की चारा जातो, आणि बदल्यात पेंडही मिळत नाही, कारण तिच्यातल्या फोर्बॉल एस्टरमुळे ती सरकीच्या पेंडीसारखी गुरांपुढे ठेवता येत नाही.

गवताळ रानाचा बहुतेक कार्बन मुळांत आणि मातीत असतो. नांगर फिरला की तो कुजून हवेत जातो. २००८ मध्ये अमेरिकन संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये हे कर्जासारखं मांडून दाखवलं: तिथलं गवताळ रान मोडून मका लावला, तर त्याच्या इथेनॉलने ते कर्ज फिटायला ९३ वर्षं. पण कसून सोडून दिलेल्या शेतात मिश्र देशी गवतं वाढवून त्यांचं इंधन केलं, तर कर्ज जवळपास नाहीच.

म्हणून जैवइंधनाला सरसकट विरोध मला पटत नाही. खाणीच्या ढिगाऱ्यावर किंवा धूप होऊन उघड्या पडलेल्या उतारावर कुठलंही बहुवर्षायू झुडूप माती धरून ठेवतं, नांगरट वाचते, पालापाचोळा साठतो. तिथे तेल कमी निघालं तरी चालेल. २०१८च्या धोरणात जैवडिझेलचं लक्ष्य २०३०साठी पाच टक्क्यांवर आलं आणि कच्च्या मालाच्या यादीत वापरलेलं खाद्यतेलही बसलं. त्याला निदान माळ नांगरावा लागत नाही.