पोटात काही गेलं पाहिजे

रात्रीची ड्युटी घेताना मी आधी पाय बघते, फाइल नंतर. तळवे गार, गुडघ्यांवर जांभळट जाळी, लघवीच्या पिशवीत तळाला जेमतेम गडद थेंबभर, असं दिसलं की दिवसवाली मावशी आणि मी एकमेकींकडे बघतो. बोलत नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजींना सगळं ऐकू येतं.

आमचं केंद्र बोरिवली पश्चिमेला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. इथे येणारी माणसं बहुतेक घरी परत जात नाहीत. कुणाला पक्षाघात, कुणाला स्मृतिभ्रंश, कुणी खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेलं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन डॉ. डिसोझांनी 1986 साली सुरू केलं. मरणपंथाला लागलेल्यांची काळजी घेणारी देशातली ती पहिली संस्था, आणि तिथे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. पण ती कॅन्सरवाल्यांसाठी. वर्षानुवर्षं हळूहळू विझत जाणारी म्हातारी माणसं आमच्यासारख्यांच्या हाती येतात.

कामाचा मोठा भाग म्हणजे कूस बदलणं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. खालची आडवी चादर दोघींनी दोन्ही बाजूंनी धरायची आणि माणूस उचलायचा. ओढायचा नाही, म्हातारी कातडी ओढली की सोलवटते. पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटरीखाली एक घडी, म्हणजे टाच अधांतरी राहते. मग माकडहाड, घोटे, कोपर आणि खालच्या बाजूला असलेला कान तपासायचा. कान सगळे विसरतात. लाल डाग बोटाने दाबला आणि क्षणभर पांढरा पडला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर जखम आतून सुरू झालीच समजा. सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही, तिथे उलट्या हाताने चाचपून कुठे गरम किंवा कडक लागतं ते बघावं लागतं. डाग दिसला की घरचे पावडर लावून चोळायला जातात. त्याने बिघडतं.

हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांना मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी 1973 पासून 2015 पर्यंत सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाच्या अर्जावरच्या 2011च्या निकालात त्या सेवेची मनापासून तारीफ केली. लोक त्यात माया बघतात, आणि ती होतीच. मला मात्र हिशेब दिसतो: बेचाळीस वर्षं, पाळी संपवून जाणारी परिचारिका येणारीला सांगत असेल, आता डावी कूस.

कूस बदलण्यावरून माझं घरच्यांशी कधी वाजत नाही. वाजतं ते खाण्यावरून.

आठवड्याभरापासून एक आजी डोळे उघडत नाहीत. चमचा ओठांना लावला की दात घट्ट. भरवलेली पेज गालात तशीच राहते आणि कूस बदलताना बाहेर ओघळते. तरी मुलगा येतो, डबा उघडतो, मुगाचं कढण गाळून आणलेलं असतं. "मावशी, पोटात काही गेलं पाहिजे ना हो." अमेरिकेतली लेक व्हिडिओ कॉलवर विचारते, नळी का नाही घालत? सलाइन तरी लावा.

मरणाला टेकलेलं शरीर भूक मागत नाही. भूक मेली म्हणून माणूस मरत नसतो, माणूस निघालेला असतो म्हणून भूक मेलेली असते. जबरदस्तीने भरवलं तर ते गिळलं जाण्याऐवजी श्वासनलिकेत उतरतं. नळीतून दिलेलंही कधी उलटून वर येतं. सलाइनचं पाणी शरीराला पेलत नाही, पाय सुजतात, छाती भरते. मग घरघर वाढते, तशी घरच्यांची सक्शनची घाई. त्याची नळी घशात घातली की आजींचं सगळं अंग आक्रसतं. त्या घरघरीचा त्रास बहुधा त्यांच्यापेक्षा ऐकणाऱ्यालाच जास्त असतो. कुशीवर वळवून डोकं जरा उंच केलं की बरेचदा आवाज उतरतो. तोंड मात्र कोरडं पडू द्यायचं नाही. ओला कापूस पिळून ओठ, हिरड्या आणि जीभ पुसायची, वरून तुपाचं बोट. मुलाला मी हेच काम देते. त्याला हात चालवायला काहीतरी हवं असतं.

हे मी सांगितलं तर "मावशीला काय कळतं" असा चेहरा होतो. फेरीला आलेले डॉक्टर तेच इंग्रजीतून सांगतात, तेव्हा पटतं.

जैन घरांत हे बोलणं मला सोपं जातं. संथारा घेणं म्हणजे अन्नपाणी सोडून मरणाला सामोरं जायचं व्रत; आमच्याकडच्या शुद्ध हरपलेल्या बा ते कुठून घेणार? पण अन्न हळूहळू सुटतं, हे त्या घरांतल्या नातवंडांनीही ऐकलेलं असतं. 2015च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला गुन्हा ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. स्वतःच्या शेवटच्या उपचारांबद्दल आधी लिहून ठेवायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिली, 2023 साली रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. आमच्या भरतीच्या अर्जावर आधार नंबर, मेडिक्लेम, नातेवाइकांचे दोन फोन, साखरेच्या गोळ्या, सगळ्याला रकाने आहेत. आजी शुद्धीत असताना त्यांना काय हवं होतं, याला नाही.

श्वास सुटतात तेव्हा आम्ही सहसा घड्याळ बघत असतो, दोन श्वासांमधलं अंतर मोजत. गेल्यावर आधी कवळी बसवायची, अंग ताठरल्यावर ती बसत नाही आणि चेहरा घरच्यांना ओळखू येत नाही. डोळे मिटायचे, हनुवटीखालून पट्टी बांधायची, पायाचे अंगठे जुळवून बांधायचे. बांगडी, अंगठी साबणाच्या पाण्याने काढून वहीत लिहायची आणि नातेवाइकाची सही घ्यायची. ही सही मी कधी सोडत नाही, कारण काही हरवलं तर पहिलं बोट आमच्याकडेच वळतं. डॉक्टर तपासून दाखला लिहितात. त्याशिवाय बाभईच्या स्मशानात कुणी उभं करत नाही. शववाहिनीची वाट बघताना मुलगा हमखास विचारतो, शेवटी काही खाल्लं का?

नाही, म्हणते. तोंड ओलं होतं.

मग मला इथे कामाला पाठवणाऱ्या ब्युरोचा फोन. पेशंट किती वाजता गेला, चारला? मग पार्टी पूर्ण रात्रीचे पैसे देईल का, विचारून घ्या. दुःखातल्या माणसाला ते मी विचारायचं, अशी त्यांची अपेक्षा. मी सांगते, ड्युटी आठपर्यंत धरा. हवेची गादी फिनाइलने पुसायची आहे, दुपारी त्या खाटेवर कांदिवलीचे काका येणार आहेत.